संपला म्हणे श्रीकांत

रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळून झालं की आमचा ग्रुप मिसळ खातो आणि मग त्यातले तीन-चार जण माझ्या दुकानात येऊन टेकतात, कारण लवकर घरी गेलं की कामं लागतात मागे. दुकान म्हणजे कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतला दहा बाय बाराचा गाळा, अर्ध्यात माल आणि अर्ध्यात माझं गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तार (गट) ओढायचं मशीन. तर २०२५ च्या मे महिन्यातला रविवार, २५ तारीख, बाहेर अवकाळीची भुरभुर (त्या महिन्यात कांदा किती भिजला ते नाशिकवाल्यांना सांगायला नको), आणि काउंटरवर ग्रिपच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर मलेशिया मास्टर्सची फायनल. आपला किदाम्बी श्रीकांत आणि समोर चीनचा ली शी फंग. चाळीस मिनिटंसुद्धा नाही लागली. ११-२१, ९-२१.

"संपला हा," आमच्यातले एक काका म्हणाले. काका बँकेतून रिटायर झालेत, डबल्समध्ये नेटवर उभे राहतात आणि मागचं सगळं पार्टनरने बघायचं असा त्यांचा खेळ. "पासष्ट रँक, बत्तीस वय. आता कोचिंग करावं यानं गुपचूप."

मी तेव्हा एका रॅकेटला गट ओढत होतो, चोवीस पाउंड, आणि खरं सांगतो मला राग आला. म्हणजे काकांचा नाही, काका सगळ्यांनाच संपवतात, कोहलीला तर त्यांनी चार वेळा संपवलाय. पण शेजारी स्टुलावर माझा भाचा बसला होता, चौदा वर्षांचा, सिंगल्स खेळतो, आणि तो मला हळूच म्हणाला, "मामा, पासष्ट म्हणजे खूपच वाईट का रे?"

आता याला काय सांगणार. अख्ख्या जगात पासष्टावा! नाशिकमध्ये आपल्या सोसायटीत पहिलं यायची मारामार. पण तेवढ्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं, म्हणून त्या दिवशी गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत जे काय तुटक सांगितलं ते आता इथे नीट लिहितोय.

काकांनी नुसती फायनल पाहिली. मी मंगळवारपासून बघत होतो. रँक खाली गेली की मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, डायरेक्ट घेत नाहीत, आधी क्वालिफाइंग खेळायचं, एका दिवसात दोन मॅच, रिकाम्या स्टेडियममध्ये, बाजूच्या कोर्टवर कोण कुठला खेळतोय ते त्याच्या घरच्यांनाही दिसत नसेल अशा वेळी. आठ वर्षांपूर्वी ज्याला हीच मंडळी घरी बोलवून शाल-श्रीफळ देत होती तो माणूस बत्तिसाव्या वर्षी बॅग उचलून त्या दोन मॅच खेळायला जातो. दोन्ही जिंकला. मग मेन ड्रॉमध्ये चार. क्वार्टरला फ्रान्सच्या पोपोवबरोबर २४-२२, १७-२१, २२-२०. सेमीत जपानचा तनाका, २१-१८, २४-२२. हे आकडे नीट वाचा. चोवीस, बावीस, परत चोवीस. वीस-वीसला दोन पॉइंटची लीड लागते आणि तिथे एका पॉइंटसाठी तीस-चाळीस शॉटची रॅली होऊ शकते. आठवडाभर हे करून रविवारी पंचवीस वर्षांच्या ताज्या पोरासमोर उभं राहिल्यावर पाय नाही हलले, तर त्यात काय नवल.

सिंगल्स म्हणजे काय हे डबल्सवाल्यांना समजावणं फार अवघड. कोर्ट तेच वाटतं, लांबी १३.४० मीटर, फक्त साइडची पट्टी आउट धरतात म्हणून रुंदी ५.१८. बघायला लहान झालं असं वाटतं, पण पार्टनरच गेला ना! पुढचे दोन कोपरे, मागचे दोन, मधल्या दोन साइड, असे सहाच्या सहा ठिकाणी एकट्याने जायचं आणि प्रत्येक वेळी मध्ये परत यायचं. परत येणं हीच खरी कटकट, जाताना तर शटल ओढून नेतंच. नेटवर वाकताना उजव्या पायाचा जो लांब लंज पडतो ना, राइट-हँडेड प्लेअरचा, तो एका मॅचमध्ये किती वेळा पडतो मोजून बघा कधीतरी. गुडघा म्हणजे काय टायर आहे का बदलायला. शिवाय चुकलं तर बघायला शेजारी कोणी नाही. डबल्समध्ये आपण पार्टनरकडे एक लुक देऊन मोकळे होतो, काका तर शटल नेटमध्ये त्यांनी स्वतः मारलं तरी माझ्याकडेच बघतात. सिंगल्समध्ये अकरा पॉइंटला साठ सेकंद कोच जवळ येतो, गेम संपला की दोन मिनिटं. बाकी सगळा वेळ तुझा तू.

मला हे माहितीये कारण मीही खेळलोय. फार नाही, डिस्ट्रिक्ट, आणि दोनदा स्टेटच्या पहिल्या राउंडपर्यंत. मी शिकलो ते पंधराच्या गेममध्ये, सर्व्हिस असेल तरच पॉइंट, आणि २००६ मध्ये एकवीसची रॅली सिस्टिम आली तेव्हा मी अठराचा होतो. आधी कसं होतं, आपल्या सर्व्हिसवर रॅली हरली तरी फक्त सर्व्हिस जायची, पॉइंट जात नव्हता, आणि सर्व्हिस परत मिळवून दम खाता यायचा. नवीन सिस्टिममध्ये दोन मिनिटं डोकं भरकटलं की स्कोअर ७-३ चा ७-९ झालेला. माझं डोकं नेहमीच भरकटायचं. एका सिलेक्शनला सकाळी आठची मॅच सांगून संध्याकाळी पाचला खेळवली, मध्ये दोन वडापाव खाल्ले होते, हरलो, आणि येताना एसटीत ठरवलं की बास. त्यावेळी मी कारण आयोजक सांगितलं होतं. आता वाटतं कारण वडापाव पण होता.

पण विषय श्रीकांतचा.

गंमत म्हणजे हा मुळात डबल्सवाला. आंध्रातल्या गुंटूरकडचा, मोठा भाऊ नंदगोपाल पण डबल्स खेळायचा, दोघं हैदराबादला गोपीचंदच्या अकॅडमीत. गोपीचंद सरांनी याला डबल्समधून काढून सिंगल्समध्ये टाकला. आमच्या ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, हे ऐकलं तेव्हा म्हणाली, बघ म्हणजे आपल्या पोराला पण डबल्सला टाक ना, मी म्हटलं ताई उलटं आहे, सिंगल्सला टाकलं त्याला. ताईचं म्हणणं सिंगल्समध्ये पोरगं फार दमतं आणि हरलं की दोन दिवस जेवत नाही. बरोबरच आहे तिचं.

२०१४ च्या जुलैमध्ये हा पोरगा अकॅडमीतल्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडला. मेनिन्जायटिस, मेंदूज्वर म्हणतात ना तो, थेट आयसीयू. एकवीस वर्षांचा होता. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चायना ओपनच्या फायनलला समोर चीनचा लिन डॅन, दोन ऑलिम्पिक गोल्ड, पाच वर्ल्ड टायटल, त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि हा २१-१९, २१-१७ ने सरळ गेममध्ये जिंकला. जुलैत आयसीयू, नोव्हेंबरात लिन डॅन. मी तेव्हा अंबडला एका कंपनीत शिफ्टला होतो, सुपरवायझरच्या नकळत फोनवर स्कोअर रिफ्रेश करत होतो, नेट इतकं स्लो की मला वाटलं आकडे उलटे दिसतायत.

रिओला, २०१६, परत तोच लिन डॅन क्वार्टरला. पहिला गेम ६-२१, म्हणजे धुतला. दुसरा २१-११ याचा. तिसरा १८-२१. ती मॅच मी दोनदा पूर्ण पाहिलीये आणि दोन्ही वेळा तिसऱ्या गेममध्ये मला वाटतं की यावेळी जिंकेल.

मग २०१७. ते वर्ष मी दुकान टाकलं ते वर्ष म्हणून पण पक्कं लक्षात आहे. एप्रिलमध्ये सिंगापूरला फायनल, आपलाच साई प्रणीत समोर, तिथे हरला. जूनमध्ये लागोपाठच्या दोन रविवारी इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियात फायनलला चेन लाँग होता, रिओचा ऑलिम्पिक चॅम्पियन. ऑक्टोबरमध्ये परत लागोपाठच्या दोन रविवारी डेन्मार्क आणि फ्रान्स. एका वर्षात चार सुपर सीरिज, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या स्पर्धा. त्याच्या आधी मेन्स सिंगल्समध्ये हे लिन डॅन, ली चाँग वे आणि चेन लाँग एवढ्यांनाच जमलेलं. दुकानात येणारं प्रत्येक पोरगं त्या दिवाळीत "श्रीकांतवाली रॅकेट" मागत होतं, कोणती ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही, जी होती ती विकली.

आता यातल्या दोन फायनल काकांना मुद्दाम सांगितल्या. डेन्मार्कच्या फायनलला समोर कोरियाचा ली ह्यून इल होता. वय सदतीस! श्रीकांतने त्याला २१-१०, २१-५ असं उडवलं, अर्धा तास पण नाही. त्या दिवशी कोरियातला कुठलातरी काका नक्की म्हणाला असेल संपला हा म्हणून. पण सदतिसाव्या वर्षी तो डेन्मार्क ओपनच्या फायनलला पोचला होता त्याचं काय? आणि इंडोनेशियाच्या फायनलला समोर जपानचा काझुमासा साकाई, जो क्वालिफाइंग खेळून वर आला होता. म्हणजे २०१७ ला श्रीकांत जिंकणारा आणि समोरचा क्वालिफायर, २०२५ ला क्वालिफायर श्रीकांत. नेट तेच, फक्त बाजू बदललेली.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल्स नागपूरला होत्या, मानकापूरच्या स्टेडियमला. मी आणि एक मित्र सेवाग्राम एक्सप्रेसने गेलो, जनरलचं तिकीट काढून इगतपुरीकडून भरून आलेल्या डब्यात नाशिकरोडला कसंबसं घुसलो ते नागपूरपर्यंत दाराजवळ. टीव्हीवर श्रीकांतचा खेळ आळशी वाटतो, खरंच, असं वाटतं हा काही करतच नाहीये, समोरचाच चुकतोय. प्रत्यक्षात आवाज ऐकला तेव्हा कळलं. जंप करून मारलेला स्मॅश, आणि मग लगेच, म्हणजे आपण अजून टाळी वाजवायच्या आत, तो नेटवर पोचलेला असतो आणि शटल नुसतं टेकवतो. पायाचा आवाज नाही. माझ्या पायाचा आवाज आमच्या हॉलच्या लाकडी फ्लोअरवरून खालच्या मजल्यापर्यंत जातो. फायनलला आपल्याच प्रणॉयने त्याला तीन गेममध्ये हरवलं आणि त्याच नॅशनल्समध्ये पायाचा स्नायू ताणला गेला म्हणून पुढची चायना ओपन सोडावी लागली. तेव्हा तो दोन नंबरला होता. एक नंबर हाताच्या अंतरावर असताना स्नायू! मी परत येताना भुसावळपर्यंत मित्राला हेच ऐकवत होतो, शेवटी तो झोपला.

एक नंबर मिळाला २०१८ च्या एप्रिलमध्ये. प्रकाश पदुकोण यांच्यानंतर हाच पहिला भारतीय पुरुष. आणि किती दिवस? एक आठवडा. तोसुद्धा कॉमनवेल्थमुळे कॅलेंडर सरकलं आणि तेव्हाचा एक नंबर, डेन्मार्कचा अॅक्सेलसेन, त्याचे जुने पॉइंट गळले म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात, मग काय लकी होता का. अरे पण रँकिंगचा हिशोबच तसा असतो, मागच्या बावन्न आठवड्यांतले तुमचे बेस्ट दहा रिझल्ट धरतात आणि जुना आठवडा गेला की त्याचे पॉइंट गेले. म्हणजे मागच्या वर्षी याच महिन्यात जिंकलेलं यावर्षी राखायला परत तेवढंच जिंकायचं. नोकरीत असं केलं असतं तर आमच्या काकांची दरवर्षी जूनमध्ये क्लार्कपासून सुरुवात झाली असती. (हे मी त्यांना बोललो. त्यांना नाही आवडलं.)

पैशाचंही भाच्याला सांगितलं, कारण ताई मागे उभी होती. मलेशिया मास्टर्ससारख्या स्पर्धेत सिंगल्स जिंकणाऱ्याला एकूण बक्षिसाच्या साडेसात टक्के मिळतात, रनरअपला ३.८. पहिल्या राउंडला हरणाऱ्याच्या हातात विमानाचं भाडं पण येत नाही. श्रीकांतसारख्याचं ठीक आहे, २०१९ मध्ये पस्तीस कोटींच्या चार वर्षांच्या स्पॉन्सरशिपची बातमी होती, आंध्र सरकारने डेप्युटी कलेक्टर केलं. पण शंभराच्या खाली जे खेळतात त्यांचं काय चालतं ते मला विचारा, मी त्यांच्याच रॅकेट विणतो. नाशिकमधनं हैदराबाद, बेंगळुरूला गेलेली पोरं सुट्टीला आली की तीन-तीन रॅकेट एकदम टाकतात आणि "काका, पैसे पुढच्या सुट्टीला देऊ का?" असं मला विचारतात. आई एखादी रूम घेऊन पोराबरोबर तिकडे, बाप इकडे, आणि देवगिरी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर नाशिकरोडला येते तेव्हा प्लॅटफॉर्मवर किटबॅग घेऊन उभं असलेलं एखादं कुटुंब हमखास दिसतं. पिसांचं शटल, सोळा पिसं, पाच ग्रॅमच्या आसपास वजन, चांगल्या प्लेअरच्या हातात एक गेम टिकलं तरी खूप. लोक ट्यूबला वाफ देऊन ठेवतात म्हणजे पिसं लवकर तुटत नाहीत. आमच्याकडे तर डिसेंबर-जानेवारीत थंडी अशी पडते की सकाळी साडेपाचला शटल मागच्या लाइनपर्यंत जायलाच तयार नसतं, आणि मे महिन्यात तेच शटल मारलं की आउट. पोरांचा अर्धा पगार, म्हणजे बापाचा, या पिसांत जातो.

२०१९ नंतर गुडघा, मग फॉर्म, मग कोविड. टोकियो ऑलिम्पिकच्या क्वालिफिकेशनच्या शेवटच्या स्पर्धाच रद्द झाल्या आणि श्रीकांत आणि सायना दोघंही घरी राहिले. काकांनी पहिल्यांदा त्याला संपवला तो तेव्हा, मला तारीख आठवते. मग त्याच वर्षी, २०२१ च्या डिसेंबरमध्ये, स्पेनमध्ये वेल्व्हाला वर्ल्ड चॅम्पियनशिप, सेमीत आपल्याच लक्ष्य सेनला तीन गेममध्ये हरवून फायनल. वर्ल्ड्सच्या फायनलला जाणारा पहिला भारतीय पुरुष. सिंगापूरच्या लो कीन यूकडून १५-२१, २०-२२ हरला, सिल्व्हर. मग मे २०२२, बँकॉक, थॉमस कप, म्हणजे पुरुषांच्या टीमचा वर्ल्ड कप, चौदा वेळा जिंकलेली इंडोनेशिया समोर. लक्ष्य जिंकला, आपली डबल्सची जोडी सात्विक-चिराग जिंकली, तिसरी मॅच श्रीकांतची जोनाथन क्रिस्टीबरोबर. २१-१५, २३-२१. थॉमस कपच्या त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा भारत. त्या स्पर्धेत श्रीकांत सहाच्या सहा मॅच जिंकला होता. त्या रविवारी याच दुकानात काकांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना पेढे दिले होते. मी आठवण करून दिली. "ती टीम इव्हेंट होती," काका म्हणाले. कसं बोलणार अशा माणसाशी.

पॅरिस ऑलिम्पिकला परत नाही. एका देशाचे जास्तीत जास्त दोन, ते लक्ष्य आणि प्रणॉय. आणि पॅरिस हुकल्यावर, एकतीस वर्षं झालेली, घरात पद्मश्री, सरकारी नोकरी, वर्ल्ड सिल्व्हर, थॉमस कप, एक नंबरचा तो एक आठवडा, हे सगळं असताना माणूस क्वालिफाइंगच्या एन्ट्री भरत राहिला. का, ते त्याचं त्याला माहीत. मला फक्त एवढं माहितीये की मी एकोणिसाव्या वर्षी एसटीत बसून थांबलो आणि अजूनही कोणी सिंगल्स खेळायला उतरलं की मी गटिंग सोडून बघत बसतो.

हे सगळं ऐकून भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त विचारलं, "पण मामा, मंगळवारी दोन मॅच एकाच दिवशी, मध्ये काय खातात?" मी म्हटलं वडापाव सोडून काहीही.

पुढे पावसाळ्यात त्याची बाहेरगावी स्टेटची स्पर्धा होती. एन्ट्री उशिरा गेली, रँकिंग नाही, त्यामुळे क्वालिफाइंग. ताई बरोबर गेली होती, डब्यात केळी, उकडलेले बटाटे आणि गूळ-शेंगदाणे. दुपारी फोन आला तेव्हा दुकानात काका होतेच.

"मामा दोन्ही जिंकलो, दुसरी तीन गेम, २२-२० तिसरा, पायात गोळा आला होता, आता मेन ड्रॉ, उद्या सकाळी दुसरा सीड आहे समोर, आणि गट तुटली एका रॅकेटची."

"दुसरी आहे ना?"

"आहे. पण ती ढिली आहे. आल्यावर पंचवीसवर करशील?"

मी चोवीसच म्हणालो, खांदा दुखेल. दुसऱ्या दिवशी त्या सीडकडून, म्हणजे दोन नंबरच्या मानांकित पोराकडून, तो ९-२१, १२-२१ हरला. ताईने मेसेज केला की जेवला, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

काकांनी विचारलं काय झालं पोराचं. सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणाले, "सीडला बारा काढले म्हणजे बरे काढले," आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाले, रविवारी डबल्सच्या आधी एक सिंगल्स खेळू का आपण, अकराचाच.

चार पॉइंटलाच बसले खाली. मी पण सहाला बसलो.